"वांदराले सहसंबंधाचे प्रश्न येईन का?" – पाचवीच्या वर्गातला प्रश्न

पाचवी_ब_च्या_बाई (नागपूर)

नमस्कार. मी नागपुरात एका शाळेत पाचवीला शिकवते. शिष्यवृत्तीच्या तयारीतला बुद्धिमत्ता चाचणीचा भाग माझ्याकडे असतो. हा प्रश्न वर्गातल्या एका मुलाचा आहे, पण आठवडा झाला तो माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारते.

आमची सहल रामटेकला गेली होती. गड चढताना लंगुरांनी आम्हाला गाठलंच. एका मुलीच्या हातात पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी होती आणि पन्नीत फक्त कंपासपेटी. एक मोठा नर कठड्यावरून उतरला, पन्नी ओढली, आत हात घातला, कंपासपेटी हुंगली, तिथेच टाकली आणि परत वर जाऊन बसला. मुलं आधी घाबरली, मग खूप हसली. उतरताना माझ्या शेजारी चालणारा एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, पन्नी म्हणजे खाऊ, हे त्याले समजते. मंग त्याले सहसंबंधाचे प्रश्न येईन का?"

ज्यांच्या घरी पाचवीचं मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. 'पक्षी : घरटे :: मधमाशी : ?' या प्रकाराला आम्ही सहसंबंध म्हणतो. पहिल्या जोडीत जे नातं आहे, तेच दुसऱ्या जोडीत शोधायचं. आकृत्यांचेही असेच प्रश्न असतात.

मी त्याला पटकन सांगून टाकलं, "नाही रे, त्याला भाषा लागते." आणि घरी आल्यावर वाटलं, हे मला कुठे माहीत आहे?

वाटायचं कारण वर्गातच आहे. जूनमध्ये एक मुलगी नव्यानं आली. आईवडील बांधकामावर आहेत, घरी छत्तीसगढी बोलतात. मराठी तिला अजून जेमतेम कळते. 'सारखं चित्र शोधा' यात ती वर्गात पहिली, माझं कार्ड खाली ठेवून होण्याआधी तिचं बोट उत्तरावर असतं. पण आकृत्यांचा सहसंबंध आला की अडते. वर पोपट दिसला की खालचा पोपट असलेला पर्याय उचलते, मग नातं काहीही असो. प्रश्न आकृत्यांचा आहे, त्यात एक शब्द वाचायचा नाही, तरी असं का व्हावं?

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माकडांची अशी चाचणी खरंच कुणी घेतली आहे का, आणि शब्द न वापरता हा प्रश्न माकडाला विचारतात कसा? आणि त्यातून मला वर्गात काही उपयोगाचं मिळेल का?

एक विनंती. त्या मुलीची माकडाशी तुलना करायला मी हे लिहिलेलं नाही. तसं कुणी लिहू नये.

---

निशिगंध

बाई, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊन मी सहा वर्षं माकडांसमोर बसले आहे. परदेशात एका प्रयोगशाळेत, टचस्क्रीन आणि ऱ्हीसस माकडं. आता नागपुरातच असते. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, चालवून घ्या.

हो, चाचणी घेतली आहे, आणि अगदी तुमच्या सहसंबंधाचीच. पडद्यावर वर एक जोडी येते: बूट आणि बूट. खाली दोन जोड्या: पेला आणि पेला, चावी आणि छत्री. बरोबर उत्तर पेला-पेला. वर बूट आणि कंगवा असेल, तर मात्र चावी-छत्री बरोबर. बघा, बुटात आणि पेल्यात सारखं काहीच नाही. वरच्या जोडीत 'दोघं एकसारखे' हे जे नातं आहे, तेवढंच खाली सापडतं. म्हणजे चित्र चित्राशी जुळवायचं नाहीये, नातं नात्याशी जुळवायचंय. शब्दाची गरज नाही: बरोबर बोट लावलं की दाणा मिळतो, चुकलं की पडदा थोडा वेळ कोरा.

दक्षिण फ्रान्समध्ये रूसे नावाच्या गावी बबून माकडांचा एक कळप राहतो. त्यांच्या आवाराला लागून टचस्क्रीनच्या खोल्या आहेत. माकड स्वतःहून आत येतं, दंडातली चिप वाचून यंत्र त्याला ओळखतं, आणि बरोबर उत्तराला गव्हाचे दाणे मिळतात. तिथे ज्योएल फागो आणि रॉजर थॉम्पसन यांनी २९ बबूनांना ही परीक्षा दिली. २०११ साली निकाल छापला: २९ पैकी ६ जण शिकले. तेही हजारो वेळा प्रश्न सोडवल्यावर. आधी नाही जमणार असंच बहुतेकांना वाटत होतं, त्यामुळे ६ हा आकडा मला अजूनही मोठा वाटतो.

त्याच्या दहा वर्षं आधीचा एक प्रयोग मात्र तुमच्या पोपटवाल्या मुलीसाठी जास्त कामाचा आहे. फागो, वॉसरमन आणि यंग यांनी २००१ मध्ये दोन चित्रांऐवजी १६ चित्रांचे चौकोन दाखवले. एका चौकोनात सोळाही चित्रं एकच, दुसऱ्यात सोळा वेगवेगळी. हे बबूनांना जमलं. मग चित्रं कमी करत नेली, तसा निकालही घसरत गेला. का? ताटलीत नुसते शेंगदाणे आहेत की चिवडा आहे, हे लांबूनही दिसतं. त्याला 'नातं' कळावं लागत नाही, मिसळ किती आहे एवढं डोळ्याला कळलं की पुरे. चित्रं दोनच उरली की ही सोय जाते आणि खरं नातं धरावं लागतं. म्हणजे मूल किंवा माकड बरोबर उत्तर देतंय, एवढ्यावर थांबायचं नाही. कोणत्या वाटेनं देतंय ते बघायचं. तुमची मुलगी पोपटाच्या वाटेनं जाते. ती वाट आत्तापर्यंत तिला प्रत्येक 'सारखं शोधा'मध्ये बरोबर घेऊन गेली, मग आत्ता ती का सोडेल?

आता चिन्हांकडे येते, माझ्या मते सगळं इथेच आहे. डेव्हिड प्रीमॅक यांनी सारा नावाच्या चिंपांझी मादीला प्लास्टिकचे तुकडे शब्दांसारखे वापरायला शिकवलं. त्यात 'सारखं' आणि 'वेगळं' यांचेही तुकडे होते. साराला सहसंबंध जमायचे. प्रीमॅक यांचं म्हणणं, भाषेचं शिक्षण मिळालं म्हणून जमले. पुढे १९९७ मध्ये थॉम्पसन, ओडेन आणि बॉयसन यांनी दाखवलं की एवढी भाषाही लागत नाही. सारख्या जोडीसाठी एक तुकडा, वेगळ्या जोडीसाठी दुसरा, एवढं ज्या चिंपांझींनी आधी शिकलेलं होतं, त्यांना बूट-बूट आणि पेला-पेला जुळवता आलं. मला याचा अर्थ असा लागतो: 'सारखेपणा' पडद्यावर कुठेच पडलेला नसतो, त्यामुळे तो धरून ठेवणं अवघड. त्याच्या जागी एक तुकडा आला की मनात दोन तुकडे जुळवायचे, आणि ते तर आधीपासून येतंच. अवघड प्रश्न सोप्या प्रश्नात बदलतो.

चिन्ह काय करतं याचं दुसरं उदाहरण, माझ्या आवडीचं. बॉयसन आणि बर्न्टसन, १९९५. चिंपांझीसमोर गोळ्यांच्या दोन ताटल्या, एकीत जास्त, एकीत कमी. नियम असा की ज्या ताटलीकडे बोट दाखवशील ती समोरच्याला मिळेल, तुला दुसरी. म्हणजे कमीवर बोट ठेवण्यात शहाणपण. पण चिंपांझी पुन्हा पुन्हा जास्तवरच बोट ठेवायचे, हातातून गोळ्या जाताना बघायचे, आणि परत तेच. मग त्याच चिंपांझींना गोळ्यांऐवजी अंक दाखवले, जे त्यांना आधी शिकवलेले होते. आता ते कमीवर बोट ठेवू लागले. गोळ्या दिसल्या की तोंडाला पाणी सुटतं, अंक दिसला की सुटत नाही. पोपट हा तुमच्या मुलीसाठी गोळ्यांसारखा आहे असं समजा.

आणि त्या मुलाची पन्नी? तो प्रश्न फार खोल आहे. पन्नी दिसली की खाऊ आठवतो, ही एका दिशेची जोड झाली. चिन्ह दोन्ही दिशांनी चालतं. तुम्ही 'अ अननसाचा' शिकवलंत आणि नंतर अननसाचं चित्र दाखवलंत, तर मूल न शिकवता 'अ' म्हणेल. मरे सिडमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नेमकं हेच ऱ्हीसस माकडं, बबून आणि लहान मुलं यांच्यात तपासलं. 'हे दिसलं की ते निवड' माकडं उत्तम शिकली. उलटं विचारल्यावर त्यांना ते सापडलं नाही. मुलांना सापडलं.

प्रश्न कसा विचारतात, याबद्दल थोडंच सांगते. दोन पर्याय असले की काहीही न कळता निम्मे दाणे मिळतात. आमच्याकडे एक मादी होती, तिनं तीन दिवस फक्त डावीकडचा पर्याय दाबला. चिडून नाही, अगदी शांतपणे, एका लयीत, मध्ये मध्ये दंड खाजवत. तिच्या हिशोबानं ती बरोबरच होती. म्हणून पर्यायांच्या जागा बदलत ठेवायच्या. आणि खरी परीक्षा कधीच न पाहिलेल्या चित्रांवर. जुन्या चित्रांवरची बरोबर उत्तरं पाठांतराचीही असू शकतात.

तुम्हाला करून बघायचं तर दोनच वस्तू घ्या. एक 'सारखं'साठी, एक 'वेगळं'साठी. आधी फक्त जोडी दाखवा आणि वस्तू ठेवायला सांगा. ते पक्कं झालं की मग सहसंबंध. मुलांमध्येही नात्याला नाव दिल्यानं फरक पडतो हे तपासलेलं आहे: लोवेनस्टाइन आणि गेंटनर यांच्या २००५ च्या प्रयोगात दोन सारख्या खोक्यांत तीन-तीन जागा होत्या, आणि एका खोक्यातली जागा बघून दुसऱ्यात तीच शोधायची होती. ज्या लहानग्यांनी 'वर, मध्ये, खाली' असे शब्द ऐकले होते, त्यांना जास्त जमलं.

---

गडपायथा

बाई, माझं रामटेकला नारळ-प्रसादाचं दुकान आहे, म्हणून सांगतो. कुणी हे वाचून गडावर कार्डं आणि चणे घेऊन येऊ नका. लंगूर हा पानं खाणारा प्राणी आहे, त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात, त्यात पाला आंबतो. बिस्किटं, गोड प्रसाद त्याला सोसत नाही. शिवाय तो कायद्यानं संरक्षित आहे. आणि एकदा हातातून घ्यायची सवय लागली की लेकराला बोचकारतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पन्नीचं म्हणाल तर ते पन्नी बघत नाहीत, ऐकतात. मी प्रसाद कापडी पिशवीत द्यायला लागलो, तेव्हापासून माझ्या गिऱ्हाइकांच्या मागे कमी लागतात. पण कुणी खिशातल्या खिशात पन्नी चुरगळली तरी झाडावरची तीन डोकी वळतात.

ताईंना एक विचारतो. जंगलात वाघ-बिबट दिसला की लंगूर खॅक-खॅक ओरडतो. पेंचचे गाईड त्या आवाजावर जिप्सी वळवतात. ते चिन्ह नाही का?

---

निशिगंध

दादा, कापडी पिशवीचं तुम्ही जे केलंत तो एक चांगला प्रयोगच आहे, एकच गोष्ट बदलली आणि परिणाम पाहिला.

आवाजाबद्दल: केनियात अंबोसेलीला सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी व्हर्वेट माकडांचे आवाज टेप करून, शिकारी प्राणी नसताना कळपाला ऐकवले (१९८०). बिबट्याचा आवाज लावला की माकडं झाडावर, गरुडाचा लावला की नजर आभाळाकडे, सापाचा लावला की मागच्या पायांवर उभं राहून गवतात बघायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला आवाजातून 'कोण आलं' हे कळतं. चिन्हाच्या खूप जवळचं आहे. पण त्या आवाजांचा साठा ठरलेला. नवं चिन्ह शिकून त्यावर हिशोब करणं वेगळं. तेही थोडंफार जमतं बरं का. हार्वर्डला मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या प्रयोगशाळेत ऱ्हीसस माकडं २६ चिन्हं शिकली. एकेका चिन्हाची किंमत ० ते २५ थेंब रस. पुढे एका बाजूला दोन चिन्हं आणि दुसऱ्या बाजूला एक, असं ठेवल्यावर ती बेरजेच्या अंदाजानं मोठी बाजू निवडत (२०१४). फक्त बेरजेत लहान अंकाला ती जरा कमी धरायची.

---

जुना_झूलॉजी

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. एक दुरुस्ती: चिंपांझी माकड नव्हे, कपी. शेपूट नसते, आणि नात्यानं तो लंगुरापेक्षा आपल्याला जवळचा. त्यामुळे चिंपांझीला आलं म्हणून 'माकडाला आलं' असं वर्गात सांगू नका. बबून मात्र माकडच.

ऱ्हीसस म्हणजे आपलं लाल तोंडाचं माकड. एके काळी परदेशातल्या प्रयोगशाळांत ती हजारोंनी आपल्याकडूनच जायची. १९७८ मध्ये भारत सरकारनं निर्यात बंद केली. हॅरी हार्लो यांनी १९४९ मध्ये 'शिकायला शिकणं' दाखवलं तेही ऱ्हीससवरच. ३४४ कोडी, प्रत्येकात दोन नव्या वस्तू, एकीखाली खाऊ. सुरुवातीला एकेक कोडं सुटायला कितीतरी खेपा लागत. शेवटी शेवटी पहिल्या खेपेला नुसता अंदाज आणि दुसऱ्या खेपेला जवळपास ९७ टक्के बरोबर. त्या माकडांबद्दल मला नेहमी कृतज्ञता वाटत आली आहे.

आणि नुसतं माकड-माकड का करता? २०१५ मध्ये रशियातल्या दोन कावळ्यांनी हीच जोडीला जोडी जुळवायची परीक्षा दिली. त्यांना आधी फक्त साधं जुळवणं शिकवलं होतं. नात्याचा प्रश्न खास शिकवल्याशिवाय त्यांनी सोडवला.

---

पाचवी_ब_च्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस झाले, काय झालं ते लिहिते.

'सारखं'साठी चिंचोका घेतला, 'वेगळं'साठी शर्टाचं पांढरं बटण. रिकाम्या काडेपेट्यांवर चित्रं चिकटवली. मधल्या सुट्टीत ती मुलगी, सहलीवाला मुलगा आणि मी, असे तिघं व्हरांड्यात बसायचो.

पहिले दोन दिवस ती दहापैकी नऊ बरोबर. मला इतका आनंद झाला की मुख्याध्यापकांना सांगून आले. तिसऱ्या दिवशी तो मुलगा म्हणाला, "बाई, ते चित्राकडे पाहतच नाही. तुमच्या हाताकडे पाहते." मी बरोबर वस्तू जिकडे असायची त्या बाजूला अंगठा ठेवत होते. मला स्वतःला कळलं नव्हतं. जर्मनीत हान्स नावाच्या घोड्याचं असंच झालं होतं, हे मी बीएडला वाचलं होतं: गणितं सोडवतो म्हणून गाजलेला घोडा प्रत्यक्षात विचारणाऱ्याच्या अंगाची बारीक हालचाल वाचत होता, आणि १९०७ मध्ये फुंग्स्ट यांनी ते उघड केलं. वाचलेलं होतं, तरी अंगठा तिथेच.

मग मी पाठ फिरवून बसले. पेट्या मांडायचं काम दुसऱ्या वर्गातल्या मुलीला दिलं, तिला उत्तर माहीत नसायचं. त्या दिवशी दहापैकी पाच. ती हिरमुसली, मीही. पण पुढचे तीन दिवस हळूहळू चढत गेलं: सहा, सहा, आठ. चित्रं रोज नवी.

काल पहिल्यांदा सहसंबंध दिला. वर कुलूप-कुलूप. खाली एकीकडे कुलूप-चमचा, दुसरीकडे पतंग-पतंग. म्हणजे पोपटाचाच सापळा. तिचं बोट कुलपाकडे गेलं, थांबलं. मग तिनं चिंचोका उचलून वरच्या जोडीशेजारी ठेवला. तो मी मागितला नव्हता. खाली बघितलं, आणि पतंगांवर बोट ठेवलं. आठ प्रश्नांत तीन वेळा ती अजूनही कुलपासारख्याच वस्तूकडे गेली, आणि त्या तिन्ही वेळा चिंचोका उचललेला नव्हता.

'पक्षी : घरटे' अजून दिलेलं नाही. ते 'सारखं-वेगळं'पेक्षा वेगळं नातं आहे, त्याला कोणता तुकडा द्यायचा हे मलाच कळत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. सुट्टी संपल्यावर ती तो चिंचोका मुठीत घेऊन वर्गात गेली आणि शेजारच्या मुलीच्या बाकावर ठेवला, मग तिच्या दप्तराकडे आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. शेजारणीला आधी कळेना. मग तिनं दप्तरातून दोन खोडरबर काढले, दोन्ही हिरवे. ही इतकी हसली!

---

निशिगंध

बाई, थांबा. तुम्ही इतके दिवस जोडी दाखवून चिंचोका ठेवायला शिकवत होतात ना? चिंचोका ठेवून जोडी मागायला कुणी शिकवलं होतं का? तुम्ही किंवा त्या मुलानं, खेळता खेळता सुद्धा?

एका प्रसंगावरून मी फार काही म्हणणार नाही. शेजारणीनं सहज काढले असतील, हिला काही भलतंच हवं असेल. पण मला हे माहीत असायला हवं आहे.

---

पाचवी_ब_च्या_बाई

नाही, मी शिकवलं नाही. मुलालाही विचारलं, तो म्हणतो नाही. उद्या व्हरांड्यात तिच्यासमोर काडेपेट्यांचा ढीग ठेवते, वर नुसता चिंचोका, आणि मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसते. मांडणारी मुलगी लिहून ठेवेल. बटणाचंही तसंच करते, नाहीतर चिंचोका म्हणजे 'दे' असाही तिचा अर्थ असू शकतो.